१४, पारशीबागान लेन : न झालेल्या भांडणाची वाटचाल

२२ जानेवारी १९२२, रविवार. कलकत्त्यात १४, पारशीबागान लेन या घरात इंडियन सायकोअ‍ॅनॅलिटिकल सोसायटी स्थापन झाली. घर डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचं. संस्थापक सभासद पंधरा. त्यांतले नऊ कॉलेजात मानसशास्त्र नाहीतर तत्त्वज्ञान शिकवणारे, पाच लष्करी वैद्यकीय सेवेतले, आणि या पाचांत दोन इंग्रज. अध्यक्ष अर्थात बोस. १९५३ साली ते वारले, तोवर म्हणजे ३१ वर्षं तेच अध्यक्ष होते.

संस्थेच्या वाटचालीचा लेख म्हटला की पहिली सभा, पहिला अहवाल, देणगीदार, अडचणी आणि मग शतकमहोत्सव असा क्रम ठरलेला असतो. या संस्थेवर तसा लेख लिहिता येईल, पण त्यातून ती कळणार नाही. मनोविश्लेषणाच्या चळवळीची पहिली तीस वर्षं भांडणांत गेली. गुरूने शिष्याला दूर केलं, शिष्याने वेगळी चूल मांडली, मधल्यांनी बाजू घेतल्या, काही जण कायमचे दुखावले. कलकत्त्याच्या शाखेच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. मतभेद मात्र होता, आणि व्हिएन्नात ज्यांवरून माणसं तुटली त्यांतल्या बऱ्याच मतभेदांपेक्षा तो खोल होता. तरी भांडण का झालं नाही आणि न झाल्यामुळे काय हुकलं, हा मला या वाटचालीतला खरा सांगण्यासारखा भाग वाटतो.

त्यासाठी आधी व्हिएन्नात जायला हवं.

१९०२ साली फ्रॉइडने चार डॉक्टरांना आपल्या घरी, बर्गगासे १९ मध्ये, बोलावलं : आल्फ्रेड अ‍ॅडलर, विल्हेल्म श्टेकेल, माक्स काहाने आणि रूडोल्फ राइटलर. कल्पना श्टेकेलची. दर बुधवारी रात्री बैठक, एकाने निबंध वाचायचा, मग कॉफी, केक आणि धुराने खोली भरून टाकणारे सिगार. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरायचा आणि चिठ्ठी निघाली की बोलणं सक्तीचं. फ्रॉइडचं नाव तेव्हा गावात फारसं चांगल्या अर्थाने घेतलं जात नव्हतं. त्याच्या स्वप्नांवरच्या ग्रंथाच्या अवघ्या ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली होती. बाहेर कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे आतल्या माणसांना एकमेकांची फार गरज होती. अशा ठिकाणी प्रेमही जास्त असतं आणि असूयाही.

१९०८ साली या बुधवारच्या बैठकीची रीतसर व्हिएन्ना मनोविश्लेषण संस्था झाली. १९१० साली न्यूरेंबर्गच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि पहिला मोठा खटका तिथेच उडाला. फ्रॉइडला अध्यक्षपदी झुरिचचा कार्ल युंग हवा होता. युंग तरुण, नामांकित मनोरुग्णालयात काम केलेला, आणि मुख्य म्हणजे ज्यू नसलेला. फ्रॉइडचा शिष्य फेरेंझी याने तर असा ठराव आणला की अध्यक्षाने सगळ्या सभासदांचं लेखन छपाईआधी तपासावं. आठ वर्षं बुधवारी बुधवारी खपलेले व्हिएन्नाकर खवळले. ते श्टेकेलच्या हॉटेलातल्या खोलीत गुप्तपणे जमले असताना फ्रॉइड तिथे जाऊन थडकला. तुम्ही बहुतेक ज्यू आहात, तुमच्याकडून या शास्त्राला जगात मित्र मिळणार नाहीत, असं त्याने तोंडावर सांगितलं. शेवटी तडजोड झाली. युंगला दोन वर्षांची मुदत, लेखन तपासण्याचा अधिकार रद्द, व्हिएन्ना शाखेचं अध्यक्षपद अ‍ॅडलरला आणि नव्या मासिकाचं संपादन अ‍ॅडलर-श्टेकेल जोडीला.

अशा तडजोडी किती टिकतात हे मंडळं चालवणाऱ्यांना सांगायला नको. १९११च्या आरंभी अ‍ॅडलरच्या मतांवर ओळीने बैठका झाल्या. माणसाच्या मुळाशी कामवासना नसून न्यूनत्वाची जाणीव आणि वरचढ होण्याची धडपड आहे, असं त्याचं म्हणणं. बैठका संपल्या तेव्हा तो अध्यक्ष राहिला नव्हता, आणि काही महिन्यांत सभासदही. त्याच्याबरोबर आणखी काही जण गेले. फ्रॉइडने पुढे लिहून ठेवलंय की अ‍ॅडलरने त्याला एकदा विचारलं होतं, जन्मभर तुमच्या सावलीत उभं राहण्यात मला काय आनंद आहे असं तुम्हाला वाटतं? मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. पुढच्याच वर्षी श्टेकेल गेला. निमित्त होतं मासिकातली पुस्तक-परीक्षणं कोणी बघायची याचं. फ्रॉइडने टाउस्क या सभासदाचं नाव सुचवलं, श्टेकेलने आपल्या मासिकात टाउस्कला पाऊल ठेवू देणार नाही म्हटलं. राक्षसाच्या खांद्यावर बसलेल्या बुटक्याला राक्षसापेक्षा लांबचं दिसतं, असं श्टेकेल म्हणत असे. त्यावर, खगोलशास्त्रज्ञाच्या डोक्यातल्या उवेला तसं दिसत नाही, असं फ्रॉइडचं उत्तर सांगतात.

मग युंग. ज्याच्यासाठी व्हिएन्नाकरांना दुखावलं, तोच गेला. १९१२ पासून पत्रं कडवट होत गेली. १९१३च्या म्युनिक अधिवेशनात युंग पुन्हा अध्यक्ष झाला खरा, पण ५२ पैकी २२ जणांनी मतच दिलं नाही. १९१४च्या एप्रिलमध्ये त्याने पद सोडलं. तोवर अर्नेस्ट जोन्सच्या सूचनेवरून फ्रॉइडभोवती एक गुप्त समिती तयार झाली होती. फेरेंझी, रांक, झाक्स, आब्राहाम आणि जोन्स. १९१३ साली फ्रॉइडने या पाचांना आपल्या संग्रहातली कोरीव ग्रीक रत्नं दिली आणि त्यांनी ती अंगठ्यांत बसवून घेतली. वयाने मोठी, शिकलेली, दुसऱ्यांच्या मनातलं पोरपण उलगडून दाखवणारी ही माणसं अंगठ्या घालून गुप्त मंडळ चालवत होती! पुढे या मंडळातलाही रांक १९२४ नंतर दुरावला. फेरेंझीचा १९३२ सालचा निबंध गुरूला रुचला नाही आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

या भांडणांची एक घातक खोड होती. विरोधकाचं मत खोडण्याऐवजी त्याचं निदान केलं जाई. तुला हे पटत नाही, कारण तुझ्या मनात वडिलांविषयी अढी आहे. असं म्हटल्यावर समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. फ्रॉइडने युंगवर हे शस्त्र चालवलं, युंगने फ्रॉइडवर.

तरीही या भांडणांनी काय दिलं ते नीट पाहावं. आदिम समाज आणि धर्म यांवरचं ‘टोटेम आणि टाबू’ (१९१३) युंगशी चाललेल्या चुरशीत लिहिलं गेलं. १९१४ सालचा चळवळीचा इतिहास उघड उघड अ‍ॅडलर-युंगविरुद्धचं आरोपपत्र आहे, आणि त्याच वर्षीचा आत्मरतीवरचा निबंध त्या दोघांना दिलेलं शास्त्रीय उत्तर. जन्माच्या क्षणीचा धक्का हेच सगळ्या चिंतेचं मूळ, असं रांकने म्हटल्यावर फ्रॉइडने चिंतेचा आपला जुना सिद्धांत १९२६ साली स्वतःच पालटला. बाहेर पडलेल्यांनीही नुसते हात चोळत दिवस काढले नाहीत. अ‍ॅडलरची व्यक्तिमानसशास्त्राची शाळा झाली, युंगची झुरिचला वेगळी परंपरा झाली.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. बडे महंमदखाँची तान हद्दू-हस्सूखाँनी पडद्याआडून ऐकून उचलली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ती ऐकताना चोरीपेक्षा चुरशीचंच कौतुक करतो. याच गावातल्या लष्कर भागात १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी घराण्याच्या तालमीचं विद्यालय काढलं. १९१८ साली माधवराव महाराजांच्या आश्रयाने भातखंड्यांच्या पद्धतीचं माधव संगीत महाविद्यालय निघालं आणि राजाभैया पूछवाल्यांनी ते नावारूपाला आणलं. एका गावात दोन शाळा, दोन रीती. कोणती खरी यावर किती चहा थंड झाला असेल! पण दोन्ही उभ्या राहिल्या, दोन्हींतून गाणारे निघाले. ज्याला आपला मुद्दा दुसऱ्यासमोर मांडावा लागतो, त्याला तो आधी स्वतःपुरता स्पष्ट करावा लागतो.

गिरींद्रशेखर बोसांना हे भाग्य लाभलं नाही.

१८८७ साली दरभंग्याला जन्मलेले गिरींद्रशेखर १९१० साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. जादूचे प्रयोग आणि संमोहन यांचा तरुणपणापासून नाद. थोरले बंधू राजशेखर म्हणजे बेंगॉल केमिकलचे व्यवस्थापक, कोशकार आणि ‘परशुराम’ या नावाने लिहिणारे विनोदकार. सत्यजित रायांचा ‘परशपाथर’ त्यांच्याच कथेवरचा. पारशीबागानच्या या घरात ‘उत्केंद्र समिती’ नावाचा अड्डा भरायचा, म्हणजे विक्षिप्तांचं मंडळ. बोसांनी फ्रॉइडविषयी आधी इंग्रजी लेखांतून वाचलं, मूळ जर्मन ग्रंथ हाताशी नसताना रुग्णांवर काम सुरू केलं आणि बरंचसं आपल्या आपण बांधलं. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण १९१६ साली सुरू झालं. बोसांनी डॉक्टरकी करता करता तिथून एम.एस्सी. केलं आणि १९२१ साली दमनाच्या संकल्पनेवर डी.एस्सी. मिळवली. मानसशास्त्रातली ही भारतातली पहिली डॉक्टरेट.

तो प्रबंध त्यांनी व्हिएन्नाला पाठवला. इतक्या दूरच्या भारतातून या विषयावरचं पहिलं पुस्तक यावं याचं फ्रॉइडला नवल वाटलं, त्याने कौतुकाने उत्तर पाठवलं आणि १९३७ पर्यंत चालणारा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे संस्थेनेच तो छापला. पत्रं वाचण्यासारखी आहेत. बोसांचे मित्र, चित्रकार जतींद्रकुमार सेन यांनी फ्रॉइडचा फोटो न पाहता, तो कसा दिसत असावा याच्या कल्पनेने एक पेन्सिलचित्र काढलं. बोसांनी ते पाठवून दिलं. फ्रॉइडने कळवलं की चित्र फारच छान आहे, विषयाच्या मानाने जरा जास्तच छान, आणि चित्रकाराने काही वांशिक खुणा लक्षात घेतलेल्या नाहीत. न्यूरेंबर्गच्या खोलीत जो विषय त्याने कडवटपणे काढला होता, तोच इथे तो हसत हसत बोलतोय.

संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी बर्लिनच्या अधिवेशनात तिला आंतरराष्ट्रीय संघटनेत घेतलं गेलं. आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या संपादक मंडळावरही बोसांचं नाव लागलं. इतकं सहज प्रवेशपत्र युरोपातल्या कित्येकांना मिळालं नव्हतं.

आता मतभेद. बोसांचा सिद्धांत विरुद्ध इच्छांचा. मनात उठणाऱ्या प्रत्येक इच्छेला तिची उलट इच्छा जोडलेली असते. मारावंसं वाटणाऱ्यात मार खावासा वाटणारा असतो, बघावंसं वाटणाऱ्यात दिसावंसं वाटणारा. दमन समाजाच्या धाकाने होत नाही, या दोन इच्छांच्या आपसातल्या अडवणुकीने होतं. म्हणून उपचारात रुग्णाला आलटून पालटून दोन्ही जागी बसवायचं. इथवर फ्रॉइडला फार अडचण नव्हती. पण १९२९ साली बोसांनी आपले निबंध आणि एक पत्र पाठवलं, त्यात थेट इडिपस गंडाला हात घातला होता. मुलगा बापाला भितो तो लिंगच्छेदाच्या धमकीमुळे, असं फ्रॉइडचं म्हणणं. युरोपातल्या रुग्णांत हे महत्त्वाचं असेल, बोस म्हणतात, पण त्या धमकीत जोर येतो तो मुलाच्याच मनातल्या स्त्री होण्याच्या इच्छेमुळे. भारतीय पुरुष रुग्णांत ही इच्छा त्यांना सहज वर येताना दिसत होती. तुम्ही हे लगेच मान्य कराल अशी अपेक्षा नाही, असंही त्यांनी अदबीने लिहिलं.

हे म्हणजे इमारतीतला मधला खांबच हलवणं. अ‍ॅडलरने याहून फार वेगळं काय केलं होतं? फ्रॉइडचं उत्तर मात्र अतिशय सभ्य आलं. भारतीय आणि युरोपीय रुग्णांमधला फरक त्याला लक्षणीय वाटला, विरुद्ध इच्छेकडे लक्ष ठेवीन असं त्याने आश्वासन दिलं. १९३३च्या पत्रात थोडं अधिक स्पष्ट केलं की हा सिद्धांत मनातल्या शक्तींच्या ओढाताणीपेक्षा रचनेच्या अंगाकडे झुकतो. आणि विषय तिथेच राहिला. ना बैठका झाल्या, ना कोणी खोलीत घुसलं, ना बोसांच्या बालपणाचं निदान झालं. आणि बोसांना उत्तर म्हणून एखादा निबंध फ्रॉइडने लिहिलाय, असंही नाही.

का? फ्रॉइड तेव्हा सत्तरीच्या पुढे होता आणि १९२३ पासून जबड्याच्या कर्करोगाशी झगडत होता, हे एक कारण. पण मला मोठं कारण अंतराचं वाटतं. अ‍ॅडलर त्याच शहरात दवाखाना चालवत होता, तेच रुग्ण आणि तेच श्रोते पळवू शकत होता. कलकत्त्याच्या डॉक्टरापासून कोणाच्या पोटाला धोका नव्हता. उलट चळवळीच्या नकाशावर भारत असणं ही अभिमानाची गोष्ट होती. नकाशावरच्या दूरच्या ठिपक्याशी कोणी वाद घालत नाही.

बोसांच्या बाजूनेही कारणं होती. संस्थेतले बहुतेक सभासद त्यांचे विद्यार्थी नाहीतर त्यांच्याकडे विश्लेषण करून घेतलेले. बोसांचं स्वतःचं विश्लेषण कोणी केलेलं नव्हतं. १९२५ साली बाड होंबुर्गच्या अधिवेशनानंतर युरोपात प्रत्येक उमेदवाराला आधी स्वतः विश्लेषण करून घेणं सक्तीचं होत गेलं. तो नियम मागे जाऊन लावला असता तर कलकत्त्याचा अध्यक्षच अपात्र ठरता. अर्थात फ्रॉइडही ठरला असता. मूळ पुरुषाला गुरू नसतो. पण मूळ पुरुषाभोवती फक्त शिष्य असतील तर त्याला तोंडावर चुकीचं म्हणणार कोण?

युरोप-अमेरिकेत ज्या आणखी एका वादाने संस्था फुटायच्या बेताला आल्या, तो कलकत्त्यात पेटलाच नाही. डॉक्टर नसलेल्याने विश्लेषण करावं का? १९२६ साली व्हिएन्नात थिओडोर राइकवर वैदूगिरीचा खटला झाला, फ्रॉइडने त्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं आणि अमेरिकन डॉक्टरांनी त्यावरून त्याच्याशी उभा दावा मांडला. पारशीबागानमध्ये तर पंधरांतले नऊ कॉलेजातले मास्तर! ही बाब भूषणावह म्हणून नोंदवायला हवी.

मात्र एक प्रसंग असा होता की तिथे भांडण व्हायलाच हवं होतं. संस्थापकांतला इंग्रज अधिकारी ओवेन बर्कली-हिल १९१९ पासून रांचीजवळच्या कांक्यातल्या युरोपियन मनोरुग्णालयाचा प्रमुख होता. कर्तबगार माणूस. मलबारातल्या हिंदू बाईशी त्याने लग्न केलेलं. त्याचाच १९२१ सालचा निबंध मात्र समस्त हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव बालपणीच्या गुदविषयक ओढीतून निघाल्याचं सांगतो. दुसरा सभासद, लष्करी अधिकारी क्लॉड डॅली, याने १९३० साली बंगालच्या क्रांतिकारकांचं ‘निदान’ केलं. कालीमातेत गुंतलेली आजारी पोरं, असा सूर. चितगावचा शस्त्रागार-हल्ला त्याच वर्षीचा. मतभेदाला आजार म्हणण्याची व्हिएन्नाची खोड इथे राज्यकर्त्यांच्या हाती आली होती, आणि निदान होत होतं ते सबंध देशाचं. कॉलेजात शिकवणाऱ्या नऊ बंगाली सभासदांना हे वाचून काय वाटलं असेल! एखाद्या अ‍ॅडलरने टेबलावर मूठ आपटली असती. बोसांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी भारतीय मन आजारी न ठरवता वेगळं कसं आहे ते निबंधांत मांडलं, पुराणांवर आणि गीतेवर बंगालीत लिहिलं. उत्तर होतं, पण ज्याला द्यायचं त्याचं नाव न घेता.

१९३१ साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त संस्थेने त्याला हस्तिदंती विष्णुमूर्ती पाठवली. ती त्याच्या मेजावर आली, आणि आता लंडनच्या त्याच्या घरातल्या संग्रहालयात आहे. काही दिवसांनी लाकडाला आणि हस्तिदंताला तडे गेले तेव्हा, कलकत्त्याला सरावलेल्या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, असं त्याच्या मनात आलं. सिद्धांताबद्दल जे पत्रांत उघड बोललं गेलं नाही, ते या एका शेऱ्यात आलं, असा अर्थ एखादा विश्लेषक काढील. मी काढत नाही.

१९३८च्या जानेवारीत सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी युंग कलकत्त्यात आला. विद्यापीठाने त्याला मानद पदवी दिली, आणि तो आव होऊन रुग्णालयात पडला. फ्रॉइडचा मोठा विरोधक फ्रॉइडच्या इतक्या दूरच्या शाखेच्या गावी आला आणि तरीही काही घडलं नाही. दोनच महिन्यांनी हिटलरच्या फौजा व्हिएन्नात शिरल्या. १३ मार्चला तिथल्या संस्थेच्या मंडळाने ठरवलं की ज्याला जमेल त्याने देश सोडावा, आणि फ्रॉइड जिथे असेल तिथे संस्थेचं ठिकाण. ४ जूनला फ्रॉइड निघाला. छत्तीस वर्षांपूर्वी सुरू झालेली ती बुधवारची बैठक, भांडणांनी न संपलेली, अशी संपली.

कलकत्त्याची शाखा चालू राहिली. कामाच्या बाबतीत या काळाइतका भरभराटीचा काळ दुसरा नाही. १९३३ साली बोसांनी कार्मायकल मेडिकल कॉलेजात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग काढला. साध्या रुग्णालयात असा विभाग देशात पहिलाच. मुंबईत जे.जे.मध्ये डॉ. मसानींनी तसा विभाग १९३८ साली सुरू केला. १९४० साली राजशेखर यांच्या मदतीने लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभं राहिलं. १९४७ साली ‘समीक्षा’ हे नियतकालिक निघालं. मुंबईत एमिलिओ सर्वादिओ हा इटालियन विश्लेषक ज्यूविरोधी कायद्यांमुळे १९३८ साली आला होता. युद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून काही काळ स्थानबद्धही झाला. त्याच्याभोवती आणि एम.व्ही. अमृत यांच्याभोवती मुंबईची मंडळी जमली. पुढे मुंबईची नजर कलकत्त्यापेक्षा लंडनकडे अधिक वळली, आणि दोन्ही गावं आपापल्या वाटेने चालू लागली. इथेही कडाक्याचं भांडण नाही, नुसतं अंतर.

मराठीत फ्रॉइड आला तो पुस्तकांतून. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी १९४२ची. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ चाललं. कामविषयावर उघड लिहिल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले, १९३४ साली बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. कर्वे आणि बोस एकाच वर्षी, १९५३ साली गेले. कर्व्यांना ना संस्था ना शिष्य, मासिक त्यांच्याबरोबर मिटलं, पण त्यांनी ज्याला उत्तर दिलं त्याला नाव घेऊन दिलं आणि आजही त्यांच्याशी सहमत किंवा असहमत असणारा मराठी माणूस भेटतो. बोसांची संस्था टिकली. त्यांच्या सिद्धांताशी वाद घालणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

आणि आपलं ग्वाल्हेर? इथली मानसिक आरोग्यशाला १९३५ची, संस्थानी काळातली. लुंबिनी पार्कच्याही आधीची. पण दोहोंचा संबंध जुळला नाही. मनोविश्लेषण कलकत्त्या-मुंबईच्या शिकलेल्या, आठवड्यातून चार-पाच तास आणि त्यांची फी परवडणाऱ्या माणसांपाशी राहिलं. भिंतीआडच्या रुग्णांकडे बघायला ते गेलंच नाही. त्या रुग्णांची दाद शेवटी न्यायालयात लागली. नोव्हेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर इथल्या रुग्णालयांच्या कारभारावर देखरेख ठेवायला सांगितलं. यांतलं रांचीचं रुग्णालय त्याच कांक्यात आहे, जिथून बर्कली-हिलने हिंदूंच्या बालपणाविषयी लिहिलं होतं. मनोविश्लेषणाच्या भारतातल्या अपयशांची यादी करायची तर मी भांडणाआधी हे अपयश लिहीन.

बोसांचा मुद्दा उचलला गेला तो फार उशिरा. सुधीर काकर १९६२ साली अहमदाबादला एरिक एरिकसनच्या सहवासात आले, फ्रँकफर्टला विश्लेषक म्हणून तयार झाले आणि अखेरची वर्षं गोव्यात राहून २०२४ साली वारले. १९७८ सालच्या त्यांच्या पुस्तकाने भारतीय मुलगा आणि आई हा विषय पुन्हा टेबलावर आणला. पुढे भारतीय विश्लेषणातल्या मातृ-स्त्रीरूपावर लिहिताना त्यांनी बोसांचा पत्रव्यवहार उघडून, बोसांनी काय बरोबर पाहिलं आणि काय नाही ते नावानिशी तपासलं. आशिष नंदींनी १९९५च्या ‘द सॅव्हेज फ्रॉइड’मध्ये बोसांच्या बुजण्याचा आणि धिटाईचा हिशेब मांडला. ख्रिस्तिआने हार्टनाक या जर्मन अभ्यासिकेने २००१ साली बर्कली-हिल आणि डॅलींना त्यांच्या साम्राज्यासकट उभं करून जाब विचारला. असे बोसांना त्यांच्या तोडीचे वाद घालणारे मिळाले ते मृत्यूनंतर पंचवीस ते पन्नास वर्षांनी, आणि या तिघांतलं कोणीही पारशीबागान लेनमध्ये तयार झालेलं नव्हतं.